महादेवाची बंधी

खोली दाखवण्याआधी त्यांनी माझं नाव विचारलं नाही, नवरा कुठे असतो ते विचारलं नाही, बँकेत पगार किती तेही विचारलं नाही. शिंदे घाटाच्या वरच्या गल्लीतल्या त्या अरुंद जिन्यात ते माझ्यापेक्षा दोन पायऱ्या वर उभे होते. तिथूनच त्यांनी एकच प्रश्न टाकला, "दूध कुठलं घेता?"

"पिशवीचं," मी म्हटलं.

"मग जमणार नाही," असं म्हणून ते वर निघून गेले.

बनारसला बदली होऊन मला आठवडाही झाला नव्हता, आणि ही पाहिलेली पाचवी की सहावी जागा. मी मुकाट्याने जिना उतरायला लागले, तर वरून आवाज आला, "मूळ गाव कोणतं?"

"कोल्हापूरकडचं."

वरच्या दाराची कडी वाजली. मग, "या. चप्पल तिथेच ठेवा, माकडं नेतात ती वरची."

कोल्हापूरच्या माणसाला दुधातलं कळतं, असा त्यांचा पक्का समज होता. मी तो तीन वर्षं तसाच राहू दिला. खरं सांगायचं तर दुधातलं मला एकच कळत होतं. आमच्या गावात दूध संस्थेची निवडणूक लागली की सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे बंद होतात आणि निकालानंतर कुणाचं तरी डोकं फुटतं. पण भाड्याची खोली मिळत असताना हे सांगायची गरज नव्हती. पहिल्या दिवसापासून ते मला 'कोल्हापूर' म्हणू लागले. "अहो कोल्हापूर, खिडकी लावा, बरसात येतेय." मी त्यांना काका म्हणत असे. सगळी गल्लीच म्हणत असे.

काकांचे पूर्वज कोकणातून काशीला आले. कधी, ते त्यांनाही नीट सांगता येत नसे. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे धार्मिक विधी करायचे, त्यांच्या हातून रुद्राभिषेक करवून घ्यायचा, हा घरचा धंदा. काकांचं मराठी ऐकलं की आधी हसू येई, मग सवय होई. वाक्य पेशव्यांच्या काळातलं आणि मधले शब्द बनारसचे. "आपण फुरसतीने बसा, मग झगडा करू," हे ते अगदी प्रेमाने म्हणत.

घाटावरची ती पिढीजात पुरोहिताची गादी त्यांनी का सोडली, ते मला त्यांच्या पुतण्याने सांगितलं. गादी आता हा पुतण्याच चालवत होता. एका सकाळी काका कुणा यजमानाला अभिषेक सांगत होते. यजमान लोट्याने दुधाची धार धरून बसलेला. काकांचं लक्ष पिंडीकडे गेलं, आणि काळ्या दगडावरून धार गेली तरी दगड काळाच राहतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं. ते मंत्र अर्ध्यावर टाकून उठले. "बसा, दूध घेऊन येतो," असं यजमानाला सांगून जे गेले, ते दुपारी परत आले. यजमानाची तोवर रेल्वे निघून गेली होती.

"देव बोलत नाही, म्हणून काय वाट्टेल ते पाजायचं का?" हे त्यांचं म्हणणं. घाटावरच्या बाकीच्या भटजींचं म्हणणं वेगळं होतं. शेवटी गंगेतच जायचं आहे, मग त्यात दूध किती नि पाणी किती, याचा घोळ कशाला? त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं असे. "पाणी गंगेत भरपूर आहे. तुम्ही फक्त दूध आणा."

असा माणूस यजमानांसमोर बसवणं परवडण्यासारखं नव्हतं. घरच्यांनी हळूच गादी पुतण्याकडे सरकवली, आणि काका मोकळे झाले. मोकळे झाले ते दुधाच्या मागे लागले. अगदी शब्दशः मागे लागले. लोट्यापासून सुरुवात करून ते मोटरसायकलवरून कॅन आणणाऱ्या दुधियापर्यंत गेले, त्याच्या मागे पूल ओलांडून रामनगरला, आणि रामनगरच्याही पुढे एका वस्तीपर्यंत. दूध जिथे दूध असतं तिथवर. तिथे त्यांना कळलं की बायका चांगलंच दूध घालतात. एकेकीच्या दारात एखाददुसरी गाय. दुधिया आपल्या मापाने ते घेतो, आपल्या भावाने घेतो, आणि रामनगरच्या अलीकडे एका हँडपंपापाशी थांबतो. काकांनी तेव्हाच ठरवलं की मधला माणूस आणि मधला हँडपंप, दोन्ही काढायचे.

बनारसमध्ये रोजच्या ठरलेल्या दुधाला बंधी म्हणतात. आपण रतीब म्हणतो तेच. काकांनी पुतण्याच्या आणि आसपासच्या दोन-तीन गाद्यांची सकाळची बंधी त्या वस्तीतल्या बायकांना लावून दिली. संध्याकाळचं दूध बायकांच्या घरी राही. सकाळचं सगळं महादेवाला. भाव दुधियापेक्षा बराच चांगला होता, कारण मधलं कुणी नव्हतंच. थंडी-उन्हाळ्यात दूध नावेने येई, बरसातीत पुलावरून टोटोने, म्हणजे बॅटरीवरच्या रिक्षेने. सोबत काका, बारा महिने हातात छत्री.

ही छत्री कशासाठी, ते मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा वस्तीवर गेले तेव्हा कळलं. काका गाईला घाबरत. साधंसुधं नव्हे, मनापासून घाबरत. एखादी गाय चार हातांवर आली की छत्री उघडून मधे धरत आणि तिच्याआडून बोलत. इतकी वर्षं गाईंच्या दुधाचा कारभार करणारा माणूस एकाही गाईच्या पाठीवरून कधी हात फिरवू शकला नव्हता. मी हसले, तर म्हणाले, "गाय लांबून पुजायची असते, कोल्हापूर. जवळून ती जनावर असते."

लॅक्टोमीटर ते अगरबत्तीच्या पत्र्याच्या नळीत ठेवत. वस्तीतल्या कडुलिंबाखाली सगळ्यांसमोर एकेकीचं दूध तपासलं जाई आणि एकाच मोठ्या कॅनमध्ये ओतलं जाई. एकीच्या दुधात पाणी निघालं तर सगळ्यांचं दूध परत, हा नियम. सकाळी जिला उशीर होईल तिने कॅन सडकेपर्यंत न्यायचा, हा दुसरा नियम. त्यामुळे तिथे कधी कुणी उशिरा आलेलं मी पाहिलं नाही. कॅन बहुधा काका आणि टोटोवालाच नेत.

अध्यक्ष नाही, सचिव नाही. "अध्यक्ष केला की झगडा सुरू," असं ते म्हणत, आणि कोल्हापूरकडची असल्यामुळे मला ते लगेच पटलं. पण आमच्या बँकेला पटेना. गटाचं खातं उघडायचं तर अध्यक्ष लागतो. मी तसं सांगितल्यावर काकांनी फॉर्म पुढे ओढला आणि अध्यक्ष या रकान्यात सुरेख अक्षरात 'महादेव' लिहिलं.

"काका, फोटो लागतो."

"गल्लीगल्लीत मिळतो."

"आणि राहण्याचा पुरावा?"

"काशीत विचारता?" ते खरोखर चिडले होते.

शेवटी फुलमतीचं नाव घातलं. ही वस्तीतली चाळिशीची बाई. कमी बोले, आणि बोलली की बाकीच्या गप्प होत. काकांनी त्या फॉर्मवरून माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात लोटाभर दूध ठेवलेलं होतं.

वस्तीतल्या काही गाई जर्सी संकराच्या होत्या. त्यांचं दूध पिंडीवर चालतं का, असा वाद एकदा घाटावर निघाला. एक म्हातारे भटजी म्हणाले, ही गाय विलायती, तिला गोमाता कसं म्हणायचं? काका म्हणाले, "नंदीला विचारा, तो काय म्हणतो ते." सगळे हसले आणि वाद तिथेच मिटला. काकांचं असं होतं. भांडणात त्यांना हरवणं कठीण, कारण भांडणाचा विषय ते दुसरीकडेच नेऊन ठेवत.

एका गोष्टीचा मात्र त्यांना फार अभिमान होता. गटातल्या सगळ्या बायका एकाच खानदानातल्या सुना होत्या, आणि त्या तशा त्यांनी मुद्दाम निवडल्या होत्या. "एका घरच्या बायका एकमेकींशी भांडतील, पण एकमेकींच्या दुधात मिलावट करणार नाहीत. घराची नाक कापली जाते ना!" हे ते भेटेल त्याला सांगत. दूधवाल्यांना सांगत, यात्रेकरूंना सांगत. माझा नवरा सुट्टीत आला तेव्हा चहा होण्याआधी त्यालाही सांगून झालं.

आणि तिथेच त्यांची चूक झालेली होती.

काशीत श्रावण दीड महिन्याचा असतो. उत्तरेकडच्या लोकांचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. त्यांचा दुसरा पंधरवडा आणि आपला पहिला एकमेकांवर पडतात, आणि त्या दिवसांत आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसे. घाट पाण्याखाली गेलेले असत. पुतण्याची गादी वर येऊन आमच्या दारासमोरच्या लहानशा शिवालयात बसे. पहाटेपासून खिडकीखाली रुद्राचं नमक-चमक म्हणणं चाललेलं. सगळ्या वर्षात दुधाची एवढी मागणी दुसऱ्या कोणत्याच दिवसांत नसे.

नेमक्या त्या पंधरवड्याच्या सुरुवातीला फुलमतीचे सासरे वारले. म्हातारे होते, बरेच दिवस अंथरुणावर होते. निरोप आला तेव्हा काका जिन्यात बसून नळी पुसत होते. ऐकलं, आणि पुसता पुसता हात थांबला. फुलमतीच्या घरात सुतक. फुलमतीच्या जावांच्या घरात सुतक. चुलत जावांच्या घरातही सुतक. गटातलं एकही घर सुटत नव्हतं. तेरही, म्हणजे तेरावा, होईपर्यंत महादेवाला दूध देणारं त्या वस्तीत कुणी उरलं नव्हतं. ज्यांच्या कित्येक पिढ्या लोकांना सुतकाचे दिवस सांगण्यात गेल्या, त्या माणसाच्या हे आधी डोक्यातच आलं नव्हतं.

पुतण्या लगेच वर आला. त्याचंही चुकत नव्हतं, त्याच्या दारात यजमान रांगेत होते. तो म्हणाला, "काका, तेवढे दिवस मी त्या दुधियाला सांगतो."

"तो एकदा आत आला की तेरा दिवसांनी बाहेर जाईल का?" काकांनी विचारलं.

 दुधिया काय करील हे दोघांनाही माहीत होतं. तो श्रावणात अडल्यावेळी उभा राहिला म्हणून वर्षभराची बंधी मागून घेईल. मग त्या बायकांना सकाळचं दूध पुन्हा त्यालाच, त्याच्याच मापाने आणि त्याच्याच भावाने घालावं लागेल. एवढी वर्षं कडुलिंबाखाली उभं केलेलं सगळं एका पंधरवड्यात गेलं असतं.

काकांनी पोथ्या काढल्या. दुपारभर माझ्या डोक्यावर त्यांची पावलं वाजत होती. चारच्या सुमाराला ते अंगात सदराही न घालता खाली आले आणि दारातूनच पुतण्याला हाक मारली. "दूध, दही, तूप, मीठ यांना सुतक लागत नाही! सुतक माणसाला लागतं. शास्त्र स्पष्ट आहे."

"पोथीत असेल, काका. पण लोकांच्या डोक्यात तसं नाही."

"लोकांच्या डोक्यात शेण आहे!"

गल्लीत दोघांचं चांगलं तासभर चाललं. यात्रेकरू थांबून ऐकत होते. एक गाय दोघांच्या मधून निघून गेली आणि काकांनी छत्रीसुद्धा उघडली नाही. शेवटी पुतण्या थकला. "आणा तुम्ही," म्हणाला, "पण कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

"मी कुठे बोल म्हणतो?"

दुसऱ्या दिवशी रविवार होता, मीही त्यांच्याबरोबर निघाले. काका खुशीत होते. टोटो पुलावर आली तेव्हा खाली गंगा मातकट आणि अफाट पसरलेली. काका टोटोवाल्याला अशौचप्रकरण समजावून सांगत होते आणि तो बिचारा समोरच्या ट्रककडे बघत "हां गुरु, हां गुरु" करत होता.

वस्तीवर कडुलिंबाखाली एकही कॅन नव्हता. पुरुष डोकी भादरून बाजेवर बसलेले. आणि गोठ्यांतून एक वेगळंच दृश्य दिसत होतं. सगळी वासरं दाव्यातून सोडलेली होती आणि आपापल्या आईला लुचत होती, तोंडाला फेस येईपर्यंत.

काकांनी छत्री जमिनीवर आपटली. फुलमती आतून आली, पदर कपाळापर्यंत ओढलेला. काकांनी तिला पोथीत काय आहे ते तिच्या बोलीत सांगितलं. चांगलं सांगितलं. मी इतकी वर्षं सुतक पाळत आले, पण ते कशासाठी आणि कुठवर, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

फुलमतीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सास्तर आप जानीला, बाबा. बाकी मरल त हमार ससुर हउवन. महादेव पर ई दूध हम ना देब."

"बंधी छूट जाई!" काका ओरडले.

"छूट जाई त छूट जाई. दुधिया के देब. पहिलहूँ त देत रहलीं."

बंधी सुटली तर सुटली, पूर्वीसारखं दुधियाला घालू, हे ती आवाज न चढवता म्हणाली. मागे बाकीच्या सुना उभ्या होत्या, त्यांच्यापैकी एकीनेही मान वर केली नाही. मला फुलमतीचा राग आला, हे मी कबूल करते. एवढा माणूस तुमच्यासाठी भांडून आला, आणि तुम्ही दूध वासरांना पाजून मोकळ्या! पण काकांकडे पाहिलं तर ते चिडलेले दिसेनात. वर्गात चुकीचं उत्तर दिलेल्या मुलासारखे उभे होते. मला त्यांची फार कणव आली.

 परतताना पूल ओलांडून लंका नावाच्या चौकात टोटो अडकली, तेव्हा काका म्हणाले, "काल दुपारभर मी पोथ्या चाळल्या, पुतण्याशी झगडलो. त्यांना एकदासुद्धा विचारलं नाही हो, कोल्हापूर."

शिवालयात लातूरकडचं एक मोठं कुटुंब सोवळ्यात बसून होतं. पुतण्याने काकांचे रिकामे हात पाहिले आणि दुधियाला लावायला खिशातला मोबाइल काढला.  काका सरळ यजमानांसमोर जाऊन उभे राहिले. "आपल्याला दूध जिथून येतं, त्या घरी माणूस गेलंय. त्या बायकांनी स्वतः होऊन दूध थांबवलंय. दुसरं दूध मिळतं इथे, पण ते मी तपासलेलं नाही. गंगेचं पाणी मात्र आहे."

लातूरच्या म्हाताऱ्या यजमानांनी हातातला लोटा खाली ठेवला. "कोण गेलं त्यांच्यातलं?" त्यांनी विचारलं.

"सासरे."

"मग थांबायलाच पाहिजे की," म्हातारा म्हणाला, आणि त्याने लोटा पाण्यासाठी पुढे केला.

तेरही होईपर्यंत पुतण्याच्या गादीवर गंगेच्या पाण्याचाच अभिषेक झाला. सगळे यजमान काही लातूरच्या म्हाताऱ्यासारखे नव्हते. कित्येक जण तोंड वाकडं करून पलीकडच्या गादीवर गेले, जिथे निदान पांढरं काहीतरी होतं. पुतण्या दिवसभर धुसफुसे, पण दुधियाला त्याने बोलावलं नाही. मी एकदा कारण विचारलं. म्हणाला, "काका रोज सकाळी ती नळी घेऊन शेजारी उभे राहतात. बोलत काहीच नाहीत. कुणाची छाती होईल?"

तेरहीच्या दुसऱ्या दिवशी दूध आलं, आणि दुधाबरोबर फुलमती आली. तिचं यायचं ठरलेलं नव्हतं. एवढी वर्षं रोज सकाळी तिचं दूध नदीच्या या बाजूला येत होतं, पण ते कुठे जातं, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. बाकीच्यांपैकी कुणीच पाहिलं नव्हतं. हे काकांच्याही त्याच दिवशी लक्षात आलं. "पहिला अभिषेक हिचा," त्यांनी पुतण्याला सांगितलं आणि ते स्वतः सांगायला बसले.

मी खिडकीतून पाहत होते. काकांनी तिचं नाव घेऊन संकल्प सोडला. फुलमतीने लोट्यातून धार धरली. धार जाड होती, पिंडी पांढरी झाली. काका मंत्र म्हणत होते, सुरात, डोळे अर्धे मिटून. इतक्या वर्षांच्या खटाटोपाचा शेवट त्यांच्या समोर चालला होता, आणि त्यांचा चेहरा अगदी तृप्त होता.

फुलमतीचं लक्ष मात्र पिंडीवर नव्हतं. ते धारेबरोबर खाली गेलं होतं. पिंडीवरून शाळुंखेत, शाळुंखेच्या पन्हळीतून फरशीवर, आणि फरशीवरून गल्लीच्या नालीत. नाली पांढरी होऊन वाहत होती. तिचा हात थांबला.

"कुल दूध इहाँ जाला, बाबा?" तिने विचारलं. "रोज?"

काकांचा मंत्र तुटला. त्यांनी डोळे उघडून नालीकडे पाहिलं. ती नाली त्यांनी जन्मापासून पाहिली असणार.  आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना भांडणाचा विषय दुसरीकडे नेता येईना.

फुलमती उठली. कोपऱ्यात तिची रिकामी किटली होती, ती आणून तिने पन्हळीच्या तोंडाखाली ठेवली आणि पुन्हा जागेवर येऊन लोटा उचलला. "परसाद हौ," ती म्हणाली. "बछड़ा पी लेई."

"काका, शिवनिर्माल्य असं घेत नाहीत..." पुतण्या पुढे झाला.

"वासराला शास्त्र लागत नाही. गप बस."

फुलमतीने धार धरली. किटलीच्या बुडावर दूध वाजायला लागलं. काकांनी तुटलेला मंत्र पहिल्यापासून सुरू केला, एकेक अक्षर सुटं करत, इतका सावकाश की रांगेतले यजमान चुळबुळ करू लागले. किटली भरेपर्यंत त्यांनी तो संपू दिला नाही.